उतारवयातील चिंता आणि बोलण्यातून होणारा उपचार

आपल्या मंडळातील घरांमध्ये आज दोन प्रकारचे आजी-आजोबा दिसतात. एक, जे तरुणपणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि आता इथेच निवृत्त झाले. दुसरे, ज्यांना मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतले किंवा जे दरवर्षी पाच-सहा महिन्यांसाठी येऊन राहतात. दोघांच्याही गुडघ्यांची, रक्तदाबाची आणि साखरेची आपण नियमित चौकशी करतो. पण "आई, मनाला कसं वाटतंय?" हे विचारायला मात्र आपली जीभ रेटत नाही. मनाचे दुखणे म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे घराण्याची नाचक्की, हे समीकरण आपण सामानाबरोबर इथे घेऊन आलो आहोत.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या निमित्ताने या विषयावर बरेच वाचावे लागले आणि जाणकारांना प्रश्न विचारावे लागले. त्या अभ्यासाचा सारांश वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून हा लेख. निदान करणे आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम आहे. त्यांच्याकडे जाण्यापूर्वीचा गृहपाठ एवढीच या लेखाची मर्यादा.

काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

काळजी सर्वांनाच असते. मुलगा परगावी गाडी चालवत गेला की आई जागी राहते, त्याला आजार म्हणत नाहीत. डॉक्टर ज्याला 'जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर' म्हणतात, त्याची व्याख्या बरीच नेमकी आहे. निरनिराळ्या गोष्टींबद्दलची अतिरेकी काळजी किमान ६ महिने, बहुतेक दिवस, आणि ती आवरू म्हटले तरी आवरत नाही. तिच्या जोडीला पुढील सहांपैकी निदान तीन लक्षणे असतात: अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण आणि झोपेची तक्रार. शिवाय या सगळ्यामुळे रोजचे जगणे अडलेले असते.

दवाखान्यात बहुधा 'जीएडी-७' नावाची प्रश्नावली देतात. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. मागील दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण गुण २१. पाच गुणांपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि पंधरापासून तीव्र चिंता मानतात. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी हवी, असा सर्वसाधारण नियम आहे. हे गुण म्हणजे निदान नव्हे. तापमापकाने ताप कळतो, तापाचे कारण कळत नाही, तसेच हे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रतिबंधक तपासण्यांबाबत शिफारशी करणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने (यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स) जून २०२३ मध्ये ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांची चिंतेसाठी चाळणी-तपासणी करावी, अशी शिफारस केली. ६५ आणि त्यापुढील वयासाठी मात्र पुरेसा पुरावा नाही, असे म्हटले. याचा व्यावहारिक अर्थ असा की आजी-आजोबांच्या डॉक्टरांनी हा प्रश्न आपणहून विचारला नाही, तर तो आपण काढायला हवा.

चिंता अंगातून बोलते

आपली वडील मंडळी "मला चिंता वाटते" असे क्वचितच म्हणतात. "छातीत धडधडतं", "पोटात गोळा येतो", "हातापायांतलं बळ गेलं", "डोकं जड झालंय", "रात्रभर डोळ्याला डोळा नाही" अशा शब्दांत तेच सांगितले जाते. मग कार्डिओलॉजिस्ट, पोटाचे डॉक्टर, पुन्हा इमर्जन्सी रूम अशा फेऱ्या सुरू होतात. प्रत्येक तपासणी निर्दोष येते आणि घरचे म्हणतात, "तुला काही झालेलं नाही." त्रास खरा असतो, फक्त त्याचे मूळ दुसरीकडे असते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उतारवयात पहिल्यांदाच चिंता सुरू झाली, तर आधी शरीराची तपासणी झालीच पाहिजे. थायरॉइडचे कार्य वाढणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, मधुमेहाच्या औषधाने साखर एकदम उतरणे, दम्याचा इनहेलर, स्टेरॉइडच्या गोळ्या, सर्दीची काही औषधे, दिवसाचा पाचवा-सहावा चहा, यांपैकी कशानेही धडधड आणि घबराट होऊ शकते. शाकाहारी घरांत बी-१२ची पातळी पाहून घ्यावी. ऐकू कमी येत असेल तर त्याचीही तपासणी करावी. चार माणसांत काय चालले आहे हे कळले नाही की माणूस बिथरतो आणि हळूहळू एकटा पडतो. विसरभोळेपणा दिसला, तर तो चिंतेने लक्ष न लागल्यामुळे आहे की स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, हेही डॉक्टरांनीच ठरवावे.

गोळ्यांच्या पट्टीचा प्रश्न

भारतातून येणाऱ्या सामानात पुष्कळदा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा लोराझेपामच्या पट्ट्या असतात. "झोपेची साधी गोळी आहे, डॉक्टरांनी दहा वर्षांपूर्वी दिली होती" असे सांगितले जाते. ही सर्व बेंझोडायझेपीन गटातील औषधे आहेत. वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची 'बीअर्स' यादी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती अद्ययावत करते. वयस्कर व्यक्तींनी हा गट शक्यतो टाळावा, असे ती सांगते. कारणे स्पष्ट आहेत: तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे, विचारांत गोंधळ होणे आणि सवय लागणे.

परंतु हे वाचून कोणीही आईची गोळी उद्यापासून बंद करू नये. बरीच वर्षे घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर झटके येण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे किंवा महिने घेऊन, मात्रा थोडी थोडी उतरवावी लागते. त्यासाठी सर्व पट्ट्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. काहीही लपवू नये.

चिंतेवर एसएसआरआय गटातील औषधेही देतात. पुष्कळांना ती लागतात आणि ती घेण्यात कमीपणा काही नाही. पण आधीच आठ-दहा गोळ्या चालू असलेल्या माणसाला आणखी एक गोळी हा एकमेव मार्ग नसतो. दुसरा मार्ग बोलण्याचा आहे.

बोलून काय होणार?

"त्या परक्या माणसाशी बोलून काय होणार? तो काय माझं वय कमी करणार आहे?" हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

या उपचारांपैकी चिंतेसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेला प्रकार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, थोडक्यात सीबीटी. मराठीत विचार आणि वर्तन यांवरील उपचार म्हणता येईल. फिलाडेल्फियाचे डॉ. अ‍ॅरन बेक (१९२१–२०२१) यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. त्याच्याही आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली होती. एलिस यांचे विचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत आणले आणि १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने ते महाराष्ट्रात घरोघर पोहोचवले. त्यामुळे हे काही अमेरिकन खूळ आहे असे समजायचे कारण नाही.

मूळ कल्पना सोपी आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो, आणि तो आपल्याला दिसत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतातच. सीबीटी त्या 'मन चिंती'ला कागदावर आणून तपासते.

आपल्या घरातले स्मोक अलार्मचे उदाहरण घ्या. फोडणी दिली की तो कोकलायला लागतो. अलार्म मोडलेला नसतो. त्याची संवेदनशीलता आपल्या स्वयंपाकाला जास्त असते. बॅटरी काढून ठेवली तर आवाज थांबतो, पण खरी आग लागली तर कळणार नाही. उपचाराचा हेतू बॅटरी काढण्याचा नाही. फोडणी आणि आग यांतला फरक ओळखायला शिकवणे हा आहे.

एक उदाहरण: साडेसहाचे सात वाजले

समजा, न्यू जर्सीत मुलाकडे राहणाऱ्या ७२ वर्षांच्या एक आजी आहेत. मुलगा रोज साडेसहाला घरी येतो. आज बर्फ पडते आहे, सात वाजले आणि गाडी दिसत नाही. आजींची छाती धडधडू लागते. त्या दर पाच मिनिटांनी फोन करतात. मुलगा गाडी चालवत असल्याने उचलत नाही, आणि धडधड आणखी वाढते. सव्वासातला तो येतो. आजी म्हणतात, "देवानेच वाचवलं," आणि तो वैतागून म्हणतो, "आई, किती मिस्ड कॉल!"

थेरपिस्ट आजींना एक वही घालायला सांगेल. तिचे रकाने असे:

घटना: मुलाला अर्धा तास उशीर.
मनात आलेला विचार: त्याला अपघात झाला.
भावना आणि तिची तीव्रता: भीती, १०० पैकी ९०.
विचाराच्या बाजूचा पुरावा: बर्फ पडते आहे, फोन उचलत नाही.
विचाराच्या विरुद्ध पुरावा: बर्फात सगळेच सावकाश येतात, गाडी चालवताना तो फोन उचलत नाही, या हिवाळ्यात त्याला सहा वेळा उशीर झाला आणि सहाही वेळा तो सुखरूप आला.
जास्त समतोल विचार: बहुधा रस्त्यावर गर्दी असेल. आठपर्यंत आला नाही, तर सुनेला विचारीन.
आता भीती किती: १०० पैकी ५०.

भीती शून्यावर आली नाही, हे लक्षात घ्या. ती शून्यावर आणायची नसतेच. ९० वर असताना माणसाला काही सुचत नाही. ५० वर असताना कणीक मळता येते.

वहीनंतर दुसरा भाग येतो तो वर्तनाचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. आजींनी फोन केला की क्षणभर बरे वाटते. त्यातून मन असे शिकते की 'फोन केला म्हणून संकट टळले'. पुढच्या वेळी फोन करण्याची ओढ आणखी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी थेरपिस्ट पायऱ्या ठरवतो. पहिल्या आठवड्यात पहिला फोन दहा मिनिटे लांबवायचा, मग वीस, मग तीस. प्रत्येक वेळी काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे लिहायचे. महिनाभराने वहीच आजींना पटवते. मुलाने पटवायची गरज राहत नाही.

पडण्याच्या भीतीचेही असेच असते. एकदा पाय घसरला की आजोबा चालणे बंद करतात. न चालल्याने पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. इथे फिजिओथेरपिस्टच्या मदतीने आधी घरात, मग अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत अशा पायऱ्या ठरवतात.

उपचारातील इतर साधने

काळजीची वेळ: दिवसातली ठरावीक वीस-तीस मिनिटे, समजा दुपारी चार ते साडेचार, फक्त काळजीसाठी राखून ठेवायची. इतर वेळी काळजी आली की वहीत टिपायची आणि "चारला बघू" म्हणायचे. ही वेळ झोपण्याच्या सुमारास ठेवू नये.

दोन ढीग: टिपलेल्या काळज्यांचे दोन ढीग करायचे. ज्यांवर काही करता येते आणि ज्यांवर येत नाही. "मला इथे काही झालं तर?" ही काळजी खोटी नाही आणि "काही होत नाही गं" म्हणून ती जात नाही. तिच्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे: इन्शुरन्सची कागदपत्रे एका फायलीत ठेवणे, आपल्या वतीने वैद्यकीय निर्णय कोण घेईल त्याचा कागद करणे, शेजाऱ्यांचा आणि ९११ चा क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावणे. उरलेल्या, हाती नसलेल्या गोष्टींसह जगायला शिकणे हा उपचाराचा सर्वांत अवघड भाग आहे.

स्नायू सैल सोडणे: एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आहे. एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा. शवासनाशी तिचे नाते वाचकांच्या सहज ध्यानात येईल. संधिवात असल्यास आवळण्याचा भाग कमी करतात.

आनंदाचे वेळापत्रक: भजनी मंडळ, ग्रंथालय, नातवाला मराठी शिकवणे अशा गोष्टी 'बरे वाटले की करू' असे न म्हणता वार आणि वेळ घालून करायच्या.

वयस्करांसाठी चांगले थेरपिस्ट या पद्धतीत काही बदल करतात. वेग कमी, कागदावर मोठी अक्षरे, प्रत्येक भेटीचा लेखी सारांश, मागील भेटीची उजळणी आणि मधल्या दिवसांत आठवणीचा एखादा फोन.

याला पुरावा काय?

ह्यूस्टनमध्ये डॉ. मेलिंडा स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. साठीपुढील, चिंताविकार असलेले १३४ रुग्ण त्यात होते. एका गटाला त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातच १२ आठवड्यांत जास्तीत जास्त १० भेटींची सीबीटी मिळाली. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार आणि अधूनमधून फोन. सीबीटी घेतलेल्यांची काळजी आणि उदासी जास्त उतरली आणि एकूण मानसिक आरोग्य सुधारले. मात्र चिंताविकाराची तीव्रता मोजणाऱ्या एका मापनात दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे.

२०१५ साली नॉर्थ कॅरोलायनात डॉ. ग्रेचेन ब्रेनेस यांनी खेड्यापाड्यांत राहणाऱ्या, साठ आणि त्यापुढील वयाच्या १४१ जणांना केवळ टेलिफोनवरून उपचार दिले. एका गटाला सीबीटी, दुसऱ्याला नुसते सहानुभूतीने ऐकून घेणे. बरे दोन्ही गटांना वाटले, पण सीबीटीच्या गटाला जास्त. म्हणजे नुसते मन मोकळे करणे आणि पद्धतशीर उपचार यांत फरक आहे. आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही, त्यांना फोनवरूनही फायदा होऊ शकतो.

याच संशोधकांचा २०२० सालचा अभ्यास आपल्याला विशेष जवळचा वाटेल. साठीपुढील ५०० जणांत फोनवरील सीबीटी आणि सौम्य योगासनांचे वर्ग यांची तुलना झाली. काळजी दोन्हींनी कमी झाली आणि त्या बाबतीत दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा जे आजोबा थेरपिस्टचे नावही काढू देत नाहीत, त्यांना शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली योगाच्या वर्गाला पाठवणे ही चांगली सुरुवात ठरू शकते.

एकूण चित्र असे आहे की वयस्करांना सीबीटीचा फायदा होतो, पण तरुणांना होतो त्यापेक्षा काहीसा कमी. ती जादूची कांडी नाही. पण तिने कोणी जिन्यावरून पडत नाही, ही जमेची बाजू मोठी आहे.

भाषा आणि संकोच

भावना मातृभाषेत असतात. 'जीव घाबरा होणे', 'हुरहुर', 'धास्ती' आणि 'रुखरुख' या चारही शब्दांसाठी इंग्रजीत एकच शब्द वापरला तर अर्थ निसटतो. शक्य तर मराठी किंवा हिंदी बोलणारा थेरपिस्ट शोधावा. व्हिडिओवरून उपचार मिळत असल्याने तो आपल्याच गावात असायला हवा असे नाही. मात्र रुग्ण ज्या राज्यात बसला आहे, तिथे काम करण्याचा परवाना त्याच्याकडे असला पाहिजे.

मराठी थेरपिस्ट न मिळाल्यास दुभाषी मागावा. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांनी इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषी द्यावा, असा २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टच्या कलम १५५७ चा दंडक आहे. मुलाला किंवा सुनेला दुभाषी म्हणून बसवू नये. ज्या सासूला सुनेच्या घरात परके वाटते, ती ते सुनेच्याच तोंडून कशी सांगणार?

गुप्ततेचा प्रश्नही येतो. आई-वडिलांनी थेरपिस्टला सांगितलेले त्यांच्या परवानगीशिवाय मुलांना सांगितले जात नाही. मुलांनी हे मनाला लावून घेऊ नये, आणि आई-वडिलांना ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. पुष्कळांचा अर्धा संकोच तिथेच जातो.

खर्चाचे गणित

मेडिकेअर: बाह्यरुग्ण मानसोपचार पार्ट बीमध्ये येतो. वार्षिक डिडक्टिबल भरल्यावर मंजूर रकमेचे २० टक्के आपण द्यायचे. पूर्वी हा वाटा ५० टक्के होता. २००८ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने कमी होत २०१४ साली २० टक्क्यांवर आला. समजा, एका भेटीची मंजूर रक्कम १०० डॉलर आहे. मग आपला वाटा २० डॉलर आणि दहा भेटींचे २०० डॉलर. मेडिगॅप पॉलिसी असेल तर आणखी कमी. १ जानेवारी २०२४ पासून सायकॉलॉजिस्ट आणि क्लिनिकल सोशल वर्कर यांच्याबरोबरच मेंटल हेल्थ कौन्सेलर आणि मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट यांनाही मेडिकेअर पैसे देते, त्यामुळे निवड वाढली आहे. घरून व्हिडिओ किंवा फोनवर घेतलेल्या मानसोपचाराच्या भेटीही यात येतात. अटी बदलत असतात, म्हणून आधी विचारावे. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज असेल तर थेरपिस्ट त्यांच्या नेटवर्कमध्ये आहे का, हे पाहावे.

ग्रीन कार्डावरील आई-वडील: वय ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षे वास्तव्य झाले की हप्ता भरून मेडिकेअर घेता येते. त्याआधी मार्केटप्लेसमधील आरोग्य विमा घेता येतो, आणि त्या योजनांना मानसिक आरोग्याचे उपचार द्यावेच लागतात.

पाहुणे म्हणून आलेले: व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुने आजार बहुधा वगळलेले असतात आणि मानसोपचारही पुष्कळदा नसतो. पॉलिसीतील वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचावे. केंद्र सरकारच्या मदतीवर चालणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स उत्पन्नानुसार फी घेतात. तिथे चौकशी करावी.

एचएसए: आई-वडील करपत्रकात आपल्यावर अवलंबून म्हणून धरता येत असतील, तर त्यांच्या थेरपीचा खर्च आपल्या हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंटमधून करता येतो. आपल्या अकाउंटंटला विचारून घ्यावे.

मेडिकेअरबाबत शंका असल्यास १-८००-६३३-४२२७ वर फोन करावा. शिवाय प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची विनामूल्य सल्लासेवा आहे.

ज्यांचे आई-वडील भारतातच आहेत, त्यांच्यासाठी: भारत सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. भारतातून १४४१६ हा क्रमांक फिरवल्यास चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न

१. आपण साठीपुढील रुग्णांबरोबर काम करता का?
२. चिंतेसाठी कोणती पद्धत वापरता? सीबीटीचे प्रशिक्षण झाले आहे का?
३. साधारण किती भेटी लागतील, आणि सुधारणा कशी मोजाल?
४. दोन भेटींच्या मध्ये गृहपाठ देता का?
५. आमचा इन्शुरन्स घेता का? एका भेटीला आम्हाला किती द्यावे लागतील?
६. दुभाष्याची सोय आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर धरसोडीचे आले तर दुसरा थेरपिस्ट पाहावा. सहा-आठ भेटींनंतर काहीच फरक नसेल, तर पद्धत बदलण्याबद्दल किंवा जोडीला औषध देण्याबद्दल स्पष्ट बोलावे.

घरच्यांनी काय करावे?

"उगाच काळजी करतेस" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्याने काळजी जात नाही, फक्त बोलणे बंद होते. त्याच वेळी, दिवसातून वीस वेळा धीर देण्यानेही आजार पोसला जातो; वर पाहिलेल्या फोनच्या चक्रासारखेच ते आहे. मधला मार्ग असा: एकदा शांतपणे ऐकून घ्यावे, आणि मग म्हणावे, "हे वहीत लिहूया का? चार वाजता दोघं बसून बघू."

विषय काढताना 'सायकियाट्रिस्ट' शब्दाने सुरुवात करू नये. "झोप लागत नाही म्हणतेस ना, त्यासाठी एक जण शिकवतात, दहा वेळा जायचं असतं" असे खरे आणि सोपे सांगावे. शक्य तर नेहमीच्या डॉक्टरांकडूनच शिफारस करून घ्यावी. डॉक्टरांचा शब्द आपली वडील मंडळी सहसा मोडत नाहीत.

जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, "आता कशाला जगायचं" असे वारंवार ऐकू आले, तर वाट पाहू नये. अमेरिकेत कुठूनही ९८८ हा क्रमांक फिरवावा. जुलै २०२२ पासून ही सेवा चालू आहे आणि दुभाषी मागता येतो. प्रत्यक्ष धोका असेल तर ९११. छातीत नव्याने दुखू लागले, तर ते चिंतेचेच असेल असे घरच्या घरी ठरवू नये. त्यालाही ९११ च.

आपण ज्यांना इथे आणले त्यांनी आपल्यासाठी ओळखीची गल्ली, शेजार, रिक्षा आणि भाषा सोडली आहे. दिवसभर बंद घरात खिडकीशी बसलेल्या माणसाला धास्ती वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही. तिच्यावर उपचार आहे, त्याला पुरावा आहे आणि तो बहुतेकांच्या विम्यात बसतो. या महिन्यात घरातील वडीलधाऱ्यांच्या डॉक्टरांची भेट ठरलेली असेल, तर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवा: "झोप, धडधड आणि काळजी याबद्दल विचारायचे आहे."